शिवणीतली माया

१४ जून

चि. ढब्बू हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हॉस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून पळायचा ट्रॅक दिसतो आणि शेजारच्या खाटेवरची मुलगी भालाफेक करते, एवढं तीन ओळींत कळवून मोकळी झालीस. रविवारच्या फोनवरही तेच. मागे रांग असते म्हणून तू नुसतं हो-हो करतेस आणि मी इकडे रिसीव्हर कानाला दाबून बसते. त्यापेक्षा पत्रं बरी. सविस्तर लिहीत जा, हात झिजणार नाहीत.

सोबत निळी पँट पाठवते आहे. तुमच्या क्रीडाशाळेत समारंभाला लागते म्हणालीस तीच. दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवली आहे. तुझ्या भालेवालीला माया म्हणजे काय ते समजावून सांग, नाहीतर ती म्हणेल आत्या पँटीत प्रेम शिवून पाठवते. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, बस्स. वाढतं अंग आहे तुझं, अजून भरशील. घट्ट वाटायला लागली की शिवण उसव आणि मायेतून सोड.

माझी जुनी टेप तुझ्या पेटीत टाकली होती, सापडली का? तिचे पहिले दोन इंच तुटलेत हे विसरू नकोस. दाखवेल त्यातून दोन वजा कर. आणि माप घेताना श्वास रोखायचा नाही. काल पोस्टातली बाई आली होती. टेप कमरेला लावली की ती पोट आत ओढून उभी राहते आणि मग स्कर्ट घट्ट झाला म्हणून भांडायला येते. आता मी तिच्या सुनेचा विषय काढते. सुनेचं नाव निघालं की बाई श्वास सोडून बोलायला लागते आणि मला खरं माप मिळतं.

तुझे बाबा सुट्टी संपवून कामावर गेले. कुठल्याशा उंच इमारतीच्या लिफ्टा बिघडल्यात म्हणे. तू गेलीस, तोही गेला. भात दोघींचाच टाकला जातो अजून, सवयीने. तू सहा वर्षांची असताना माझ्याकडे आलीस तेव्हापासूनची सवय, ती काय लगेच जाते? अंडं रोज देतात का? दूध टाळू नकोस.

कळावे. लोभ आहेच, भूक असावी ही विनंती.

तुझी
आत्या

२० जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पँट मिळाली आणि चांगली बसली. पण पार्सलवर तू काय लिहिलंस ते आठवतंय का? पूर्ण नावाखाली, कंसात, ठळक अक्षरांत, ढब्बू! जेवणघरात सगळ्यांसमोर वॉर्डनबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. शंभर मुली हसल्या. मीही हसले, न हसून काय करणार? आता ट्रॅकवरसुद्धा तीच हाक. यापुढे निदान बाहेरच्या कागदावर तरी लिहू नकोस, तुझ्या पाया पडते.

इथे दर सोमवारी सकाळी सर आम्हा लांब पल्ला पळणाऱ्यांना काट्यावर उभं करतात. आकडा फळ्यावर लिहितात आणि पुढे बाण काढतात, वर किंवा खाली. सगळ्यांत मोठा आकडा माझा आहे. सर वाईट नाहीत, कुणाला टाकून बोलत नाहीत. एवढंच म्हणाले की प्रत्येक जास्तीचा किलो म्हणजे खांद्यावर दगड घेऊन पळणं. मला पटलं. मी माझा अर्धा भात भालेवालीला देते. तिला लागतो, मला नाही लागत. दोन सोमवार माझा बाण खाली आहे आणि शेवटच्या फेरीत पूर्वीसारखी धाप लागत नाही. पहाटे ट्रॅकवर कुणी नसतं तेव्हा पाय आपोआप पडत जातात. इतकं छान मला कधीच काही जमलं नव्हतं गं.

एक विचारायचं होतं. पँटीतली माया कापून टाकू का? शिवण जाड होते, बसलं की टोचते. आणि खरं सांगू का, ती तिथे आहे म्हणजे मी जाडी होणारच असं कुणीतरी आधीच धरून ठेवल्यासारखं वाटतं.

कळावे. लोभ असावा, डबा नसावा ही विनंती. (पँटीसोबत आलेला खाऊचा डबा परत पाठवते आहे. रिकामा नाही, तसाच.)

तुझी
ढब्बू (फक्त आतल्या कागदावर)

२ ऑगस्ट

चि. ढब्बू हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

माया कापायची नाही. एकदा सांगितलं, पुन्हा सांगणार नाही. शिवण टोचत असेल तर आतून मऊ पट्टी लाव. कापलेली माया परत चिकटवता येत नाही, मग कपडा एकाच मापाचा होऊन बसतो आणि माणूस काही एकाच मापाचं राहत नाही. इतकी वर्षं हेच करते आहे मी, मला शिकवू नकोस.

पार्सलवरच्या नावाचं वाचलं आणि जीभ चावली. तू घरात पाऊल टाकलंस तेव्हा गोबऱ्या गालांची होतीस म्हणून ते नाव पडलं, आणि तोंडात बसलं. बाहेर लिहिणार नाही.

डबा परत आला. झाकण उघडून बघितलं तर सगळं जसंच्या तसं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! भालेवालीला दिला असतास तरी चाललं असतं. अर्धा भात तिला, अर्धा तुला, असं किती दिवस चालणार? पळणाऱ्याला जास्त लागतं की कमी? मी अडाणी नाही, रेडिओवर ऐकते सगळं. तुझे सर शिकलेले आहेत, त्यांना समजत असेलच. पण अंगाला लागेल एवढं तरी खा.

कळावे. लोभ आहे, रागही आहे, दोन्ही सांभाळून ठेव.

तुझी
आत्या

५ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बातमी अशी की मी दुसरी आले! सगळ्या शाळांच्या स्पर्धेत, पाच हजार मीटरला. शेवटच्या वळणावर तिघींना मागे टाकलं. बाबांना तार करावी तसा फोन केला, तर ते लिफ्टच्या खड्ड्यात उभे होते, तिथूनच ओरडले. सरांनी फळ्यावर माझं नाव सगळ्यांत वर लिहिलं आणि मुलींना म्हणाले की मनावर घेतलं की काय होतं ते हिच्याकडे बघून शिका. जुलैपासून माझा बाण एकदाही वर गेलेला नाही.

आता मला ढब्बू कुणी म्हणत नाही.

पुढच्या महिन्यात बक्षीस समारंभ आहे. जूनची पँट कमरेवरून घसरते, म्हणून नवी हवी. कंबर पंचवीस. तुझ्याच टेपने मोजली आहे. आणि रागावू नकोस, पण जुन्या पँटीतली माया मी ब्लेडने कापली. पँट आत घ्यायची होती आणि ते कापड मधे मधे येत होतं. नव्या पँटीत ठेवूच नकोस. मी परत तेवढी होणार नाही, हे मी ठरवलंय.

थंडी लवकर वाजते हल्ली. दोन स्वेटर घालून झोपते. बाकी मजेत.

कळावे. लोभ असावा.

तुझी
भाची

१६ ऑक्टोबर

चि. ढब्बू हिस, म्हणजे चि. भाचीस (तोंडात बसलंय ते जाता जाईना),
अनेक आशीर्वाद वि. वि.

दुसरी आलीस! पोस्टातल्या बाईला, समोरच्या बेकरीवाल्याला, शिकायला येणाऱ्या दोन्ही पोरींना, सगळ्यांना सांगून झालं. बेकरीवाला म्हणाला की लहानपणी ही पाव घ्यायला यायची तेव्हाच पळत यायची. परत जाताना चालत जायची, कारण पावाचा कोपरा खात खात जायची. आठवतंय का?

माया कापलीस ते वाचून दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात बोलले नाही. जाऊ दे.

मात्र मापाच्या बाबतीत तुझं डोकं ठिकाणावर नाही. जूनमध्ये मी स्वतः मोजली तेव्हा कंबर एकोणतीस होती. चार महिन्यांत पंचवीस कशी होईल? मला लगेच कळलं काय झालं ते. तू दोनदा वजा केलंस. एकदा टेपवर बघताना आणि एकदा कागदावर लिहिताना. गणितात तू पहिल्यापासून अशीच, दोन्हीकडून हातचा घेणारी. पळून पळून सत्तावीस झाली असेल, तेवढं मी मानते. म्हणून सत्तावीसची शिवली आहे, आणि माया ठेवली आहे. हो, ठेवली आहे. काय करायचं ते कर.

थंडी वाजते तर तपासून घे. थंडी अजून पडलेली नाही.

कळावे. लोभ आहे, अभिमान आहे, भूक असावी.

तुझी
आत्या

९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
न. वि. वि.

काल समारंभ झाला. पार्सल वाटेत रखडून आदल्या दिवशी आलं, त्यामुळे दुरुस्तीला वेळच नव्हता. तुझी पँट मी सहा पिना लावून घातली. व्यासपीठावर चढताना दोन पिना सुटल्या. एका हातात ढाल, दुसऱ्या हाताने पँट धरलेली, आणि समोर फोटोवाला. पुढच्या रांगेतली लहान मुलं खिदळत होती. तेव्हा मला परत त्या जेवणघरात उभं असल्यासारखं वाटलं.

मी गणितात चुकले नव्हते. टेपवर पंचवीसच होतं. उलट तुला काळजी वाटू नये म्हणून मी दोन वजा केलेच नाहीत, जे दिसलं तेच लिहिलं. एवढं मी तुझ्यासाठी केलं आणि तू सत्तावीस शिवलीस! मी कितीही पळाले, कितीही जिंकले, तरी तुझ्या डोळ्यांना मी तीच गोबरी, पावाचा कोपरा खाणारी. तुला मी तशीच हवी आहे.

फोनवर मला बोलवू नकोस. मला सराव आहे.

भाची

१३ नोव्हेंबर

चि. भाऊ यास,
अनेक आशीर्वाद.

वि. वि. लिहायला सुचत नाही. तू ताबडतोब पोरीकडे जा. लिफ्टा राहू देत अडकलेल्या.

तिचं पत्र आलं. माझ्यावर रागावली आहे, ते ठीक आहे. पण रागाच्या भरात लिहून गेली की टेपवर पंचवीस होतं आणि तिने दोन वजा केले नव्हते. म्हणजे तेवीस, आणि तेही महिन्यापूर्वीचे. मी कात्री हातातून खाली ठेवली ती अजून उचललेली नाही. मला वाटलं होतं तिचं गणित चुकलं. हे असं असू शकतं हे माझ्या मनातच आलं नाही, कारण ते माझ्या मनात येऊ द्यायचंच नव्हतं.

तुझ्या बायकोचं शेवटचं वर्ष तुला आठवतं ना? दर महिन्याला ती कपडे आत घ्यायला माझ्याकडे द्यायची, आणि धुऊन आटले की सैल झाले असं काहीतरी उलटसुलट सांगायची. मी आत घेत राहिले. मला ते पुन्हा जमणार नाही. मी तिला आणायला आत्ता निघाले असते, पण तिला मी नको आहे. तू जा.

तुझी
ताई

२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, जसं सुचेल तसं लिहितो. पोरगी इस्पितळात आहे. तुझं पत्र मिळालं, रजा मिळायला आठवडा गेला, आणि मी पोचलो त्याच्या आधीच ती ट्रॅकवर कोसळली होती. नडगीच्या हाडाला चीर गेली आहे. पडून नाही, पळून पळून गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हाडं उपाशी आहेत. पाळी जुलैपासून नाही. नाडी फार हळू चालते. असंच चालू राहिलं तर एक दिवस हृदय थांबेल, असं त्यांनी मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. एवढं स्पष्ट मला आजपर्यंत कुणी काही सांगितलं नव्हतं.

पाय बरा होईल. खाणं मात्र औषधासारखं चालू करायचं आहे, आणि त्याला पुष्कळ महिने लागतील. पळणं बंद. कायमचं का, ते आता तिच्या खाण्यावर आहे. मी तिचा दंड धरला तर माझा अंगठा आणि बोट एकमेकांना लागले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं की हिला काय आवडतं. मी म्हटलं माझ्या बहिणीला माहीत आहे. मग मी पोरीला विचारलं की आत्याला बोलवू का. ती नको म्हणाली. म्हणाली आत्या माझ्याकडे बघेल. ताई, तुला वाईट वाटेल, पण मी लपवत नाही.

तिचे सर येऊन गेले. दारातच उभे होते. सांगत होते की त्यांनी फळा पुसला. मला त्यांचा राग आला होता, पण फोनवर ती दुसरी आले, बाण खाली गेला म्हणाली तेव्हा खड्ड्यातून शाबास म्हणून ओरडणारा मीच होतो. चहा घेता का विचारलं.

तू पत्र लिही. माझ्यासमोर ती जेवत नाही, पण तुझं पाकीट आलं तर उघडेल.

तुझा
भाऊ

३ डिसेंबर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

ढब्बू म्हणणार नाही. भाची म्हटलं की दुकानातली गिऱ्हाईक वाटतेस. काय म्हणू ते तूच कळव.

मी येणार नाही, घाबरू नकोस. नको म्हणालीस ते बरोबरच होतं. मी आले असते तर बघितलंच असतं. माझे डोळे टेपसारखे झालेत, माणूस दारातून आत येईपर्यंत मी त्याला मोजलेलं असतं.

तुझ्या आईबद्दल तुला फारसं कुणी सांगितलं नाही. ती आजारी पडली तेव्हा तिचे कपडे मीच शिवत होते. पहिल्यांदा दोन बोटं आत घेतले, मग अजून दोन. शेवटी शेवटी आत घेतलेली माया मूळ कापडाहून जास्त झाली होती, आणि ती मला सांगायची की कापू नका ताई, बरी झाले की सोडायची आहे. मी कापली नाही. ते कपडे अजून माझ्या पेटीत आहेत. त्यानंतर तू आलीस, सहा वर्षांची, गोबरी, भुकेली. दुसऱ्यांदा भात मागितलास तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. तेव्हापासून तुझं ताट भरलेलं असलं की मला वाटायचं, हे घर वाचलं. तू म्हणालीस तुला मी तशीच हवी आहे. हो, हवी होतीस. जाडी म्हणून नाही गं, जिवंत म्हणून.

मला फार भीती वाटते आहे. एवढंच लिहायचं होतं, बाकी पानभर उगाच झालं.

कळावे. लोभ आहे.

तुझी
आत्या

१० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशाखाली होतं. उत्तर लिहायला उशीर झाला कारण मला खरं लिहायचं होतं आणि ते सापडत नव्हतं.

आईच्या कपड्यांचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मी पहिल्यांदा रडले. पायाला चीर गेली तेव्हाही नव्हते रडले.

तुला सांगू? मी लहानपणी तुझ्या चेहऱ्यासाठी खायचे. पोट भरलेलं असायचं, पण अजून थोडं मागितलं की तुझा चेहरा उजळायचा. म्हणून मागायचे. मग इथे आले, आणि इथे मी खाल्लं नाही की सरांचा चेहरा उजळायचा. म्हणून सोडलं. मधे माझी भूक कुठे होती ते मला आठवतच नाही. आता नर्स समोर बसते, ताटली ठेवते आणि विचारते की भूक आहे का. मला खरंच कळत नाही गं. अर्ध्या केळ्याला तास लागतो. प्रत्येक घास गिळताना फळ्यावरचा बाण वर जाताना दिसतो. काल बटाटा टाकून दिला आणि खाल्ला म्हणून सांगितलं. नर्सला कळलं. ती ओरडली नाही, दुसरा आणून ठेवला. मला तिचा राग आला, आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली.

भालेवाली येते दर रविवारी. तिने सांगितलं की ती मला इतके महिने अर्धा भात परत द्यायला बघत होती आणि मी घ्यायचे नाही. मला वाटायचं तिला हवा आहे.

पाय बरा होतोय. पळायची परवानगी नाही. खिडकीतून ट्रॅक दिसत नाही ते बरं आहे. पहाटे जाग येते आणि पाय चादरीखाली हलतात.

मला बरं व्हायचं आहे असं मी रोज म्हणू शकत नाही. आज म्हणते आहे.

नावाचं अजून ठरत नाही. तोवर तू मला अगं म्हण. नाहीतरी रागावलीस की तेच म्हणतेस.

तुझी
अगं

२२ जानेवारी

चि. अगं हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

बघ, लिहून पाहिलं. पोस्टमनला हसू येईल म्हणून पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलं आहे, कंसात काही नाही.

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. चेहऱ्याचं लिहिलंस ते खरं आहे. मला आठवलं, दुसऱ्यांदा वाढताना मी तुझ्याकडे बघत असायचे. तू घरी येशील तेव्हा तू जेवताना मी मशीनवर बसेन, पाठ करून. पायमशीनचा आवाज येत राहील, तू तुझं जेव. काही विचारणार नाही. पत्रातही विचारणार नाही. जीभ वळवळेल, पण मी ती धरून ठेवीन.

निळी पँट पाठवते आहे, तिसरी. तुझं माप मागवलं नाही, घेणारही नाही. तुझ्या बाबांनी सांगितलं त्या अंदाजाने, आता आहेस तशी शिवली आहे, म्हणजे लहान. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया आहे. एवढी मी कुणालाच ठेवत नाही, शिवणीजवळ घडी फुगते आणि दिसायला वाईट दिसते. शिकायला येणाऱ्या पोरींना कळेना मी काय करते आहे. टोचू नये म्हणून मऊ पट्टी लावली आहे. या कापडाचा रंग धुतल्यावर थोडा उतरतो, त्याला इलाज नाही. आत दुसरं काही ठेवलेलं नाही, खाऊसुद्धा नाही.

कापायची असेल तर काप. माझी एकच विनंती आहे, आधी मला कळव, म्हणजे त्या दिवशी मी दुकान उघडणार नाही.

कळावे. लोभ आहे.

तुझी
आत्या

३० मे

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शि. सा. पुरतं परत आलं बघ. नोव्हेंबरात मुद्दाम गाळलं होतं आणि तुझ्या लक्षात आलं असणार, तू बोलली नाहीस.

दोन महिने झाले, मी इस्पितळातून बाहेर आहे आणि हॉस्टेलवरच राहते. दुपारी दवाखान्यात जाऊन जेवते, बाकी खाणं भालेवालीसोबत. सर मला शर्यतीला घेत नाहीत आणि मीही मागत नाही. डॉक्टरीणबाईंनी परवा सावकाश एक फेरी मारायला दिली. सावकाश म्हणजे किती, तर बोलता येईल इतकं. म्हणून भालेवाली शेजारून बडबडत पळाली आणि तिलाच धाप लागली. वाईट दिवस येतात अजून. गेल्या आठवड्यात दोन दिवस काहीच उतरत नव्हतं, आणि ते मी स्वतःहून सांगितलं. ते सोपं नव्हतं.

काट्यावर मी पाठ करून उभी राहते. आकडा डॉक्टरीणबाई बघतात, मला सांगत नाहीत. तुझी टेप पेटीत आहे. वापरली नाही.

आता जे सांगायचं होतं ते. तुझी निळी पँट मी जवळजवळ रोज घालायचे. मार्चमध्ये बरी बसायची. एप्रिलमध्ये बसताना कमरेला काचायला लागली. मी ती खाटेखाली सरकवली आणि महिनाभर जुना ढगळ पायजमा घालून फिरले. ब्लेडही काढलं होतं एकदा. तुझं दुकान बंद दिसलं डोळ्यांसमोर, आणि मी ते परत ठेवलं. काल दुपारी पँट बाहेर काढली, उलटी केली आणि शिवण उसवायला घेतली. दोनदा सुई टोचली. भालेवालीने मशीन नाही म्हणून हातानेच टाके घातले, वाकडेतिकडे आलेत, तू बघितलेस तर कान उपटशील. चार बोटांतलं एक बोट सोडलं आहे. तीन अजून आत आहेत.

सुलट केली तेव्हा दिसलं की बाहेरची पँट धुऊन धुऊन फिकट झाली आहे, आणि मायेतून निघालेलं कापड जसंच्या तसं गडद आहे. दोन्ही पायांवरून खालपर्यंत एकेक पट्टा आला आहे. सगळ्यांना कळतं की ही पँट सोडलेली आहे. भालेवालीने विचारलं की पट्टा झाकायला वरून फीत लावू का. मी नको म्हटलं. दिसू दे.

शनिवारी बाबा मला घेऊन घरी येतील. मशीनवर पाठ करून बसायची गरज नाही. समोर बस, पण तूही जेव.

हे पत्र आता संपवते, कारण खालून स्वयंपाकाचा वास येतोय आणि पोटात काहीतरी होतंय. आधी वाटलं दुखतंय. मग बसून नीट ऐकलं. दुखत नव्हतं.

कळावे. लोभ असावा. भूक आहे.

तुझी
अगं